इनास रेबेलोची गुप्त पोई

कोरगावात इनास रेबेलोने दारू सोडली की ती बातमी गावभर व्हायला दुपार लागत नसे. दरवर्षी कोरेज्म, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, सुरू झाला की इनास सोडायचा आणि सोडल्याबरोबर कळवायचा. आधी शिवदासच्या चहाच्या दुकानात, मग तिठ्यावर, मग भेटेल त्याला. हा काळ पडतो नेमका उर्राकाचा. काजूची बोंडं मळून पहिल्या धारेचा उर्राक निघतो तो याच दिवसांत, आणि गाव काजूचा असल्यामुळे पाहुण्याला पाण्याआधी उर्राक विचारायची पद्धत. कोणी विचारलं की इनास उजवा हात छातीवर ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि खोल आवाजात म्हणायचा, "नको. कोरेज्म." कोणी नाही विचारलं तरी म्हणायचा. एकदा बसथांब्यावर उभ्या असलेल्या सावंतवाडीच्या एका अनोळखी माणसालाही त्याने, "मी सध्या घेत नाही हां," असं सांगून टाकलं होतं. तो माणूस बिचारा फक्त बांद्याची बस गेली का एवढंच विचारत होता.

इनास तारवटी. उभी हयात बोटीवर आचारी म्हणून काढली आणि निवृत्त होऊन गावी परतला. बोटीवर माणसाला बोलायला फार कोणी मिळत नाही. ती थकबाकी तो आता कोरगावात वसूल करत होता.

तर यंदा राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन इनास इगर्जीत तिसऱ्या बाकावर बसला होता. फादर ओर्लांदो नवे होते. आवाज बारीक, पण लागायचा. त्यांनी सांगितलं, उपास करून जे तोंड लांब करून हिंडतात त्यांना त्यांचा मोबदला इथेच मिळून गेला, वर आता काही शिल्लक नाही. दान करायचं तर असं करा, की उजवा हात देतो त्याचा डाव्याला वासही लागू नये. हे सांगताना फादर सारखे इनासकडेच बघत होते. म्हणजे इनासला तसं वाटलं. फादर बघत होते त्याच्या डोक्यावरच्या बंद पडलेल्या पंख्याकडे.

इनास हादरला. एवढ्या वर्षांच्या उपासांचा मोबदला आपण शिवदासच्या दुकानात, अर्ध्या कप चहाबरोबर, उचलून बसलो? उद्या वर गेल्यावर आपल्या नावावर काय? घरी येईपर्यंत त्याचं ठरलं. यंदा एक तरी गोष्ट अशी करायची, जी पृथ्वीवर कोणाला माहीत नसेल. फक्त वरच्याला.

"काय झालं रे तुला?" त्याच्या बायकोने, पियेदादने, विचारलं. "कपाळाला आठ्या कसल्या?"

इनासला आठवलं, तोंड लांब करायचं नाही. तो हसला. लग्नाच्या फोटोनंतर पियेदादने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि बोटांना लागलेली राख पुसून घेतली.

दान कोणाला करायचं हे ठरवायला फार डोकं लागलं नाही. दोन घरं सोडून गंगाकाकी राहायची. विहिरीच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला होता, प्लास्टर घातलं होतं. मुलगा पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा, तो रविवारी येऊन डाळ-तांदूळ भरून जायचा. पण काकीला सकाळच्या चहाबरोबर पोई लागे, म्हणजे कोंड्याचा पाव, गरम. ती घ्यायला ती रोज तिठ्यापर्यंत चालत जायची, ते आता बंद झालं होतं. पदेराने, म्हणजे पाववाल्याने, तिच्या घरापर्यंत आत यावं तर एका पोईसाठी सायकल चढावर ढकलत कोण येणार?

शिवाय इनासचं आणि काकीचं बरं नव्हतं. इनासच्या कोंबड्या काकीची तांबडी भाजी उकरायच्या आणि काकी कोंबड्यांना सोडून इनासच्या खानदानाला शिव्या द्यायची. म्हणजे दान अगदी पुस्तकात शोभेल असं होतं. इनासला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि ते कोणाला सांगता येणार नाही हे आठवून थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने जुझे पदेराला माडाखाली गाठलं. "गंगाकाकीच्या कडीला रोज दोन पोया लावायच्या. हिशेब माझा. आणि कोणाला सांगायचं नाही."

"कित्याक?" जुझेने कारण विचारलं.

"सांगायचं नाही म्हणजे नाही."

जुझे प्रामाणिक माणूस. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच तो करायचा, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. कारण कोरगावात कोणी काही लपवत नाही, त्यामुळे लपवायचं कसं हे कोणाला येत नाही.

पहिल्या सकाळी काकीला कडीला लटकलेली पिशवी दिसली. तिने ती काठीने खाली पाडली, काठीनेच उघडली. आपण न सांगता दाराशी कोणी काही ठेवून जातो म्हणजे ते चांगल्यासाठी नव्हे, एवढं तिला कळत होतं. तिने एक पोई तुकडे करून शेजारच्या कुत्र्याला घातली आणि त्याच्यावर नजर ठेवून बसली. संध्याकाळपर्यंत कुत्रा मेला नाही. उलट दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो काकीच्या पायरीवर येऊन बसला होता. तेव्हा काकीने स्वतः खाल्ली.

शिवदासच्या दुकानात जुझे पकडला गेला.

"काय रे, काकीला पोया कोण पाठवतो?" शिवदासने विचारलं.

"सांगू नको म्हणून सांगितलंय."

"कोणी?"

"तेच तर सांगू नको म्हणून सांगितलंय."

कोपऱ्यात बसलेल्या इनासने कपात तोंड खुपसलं. सगळं दुकान विचारात पडलं. ज्याला नाव लपवायचं आहे तो मोठा माणूस असला पाहिजे, आणि मोठा माणूस फुकट काही करत नाही, हे तर कोणालाही कळतं. मग शिवदासनेच उलगडा केला, "अरे, वॉर्डाची निवडणूक ना?"

वॉर्डाच्या पंचाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला होता आणि तो इंग्लंडला कोंबड्या पॅक करायला गेला होता. त्याच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली होती. उभे राहिले होते तिघे. दोघांकडे पोई वाटण्याइतकी अक्कल नव्हती हे सर्वांना ठाऊक होतं. राहिला गोकुळदास.

गोकुळदासकडे चिऱ्याची खाण होती, दोन डंपर होते आणि पांढऱ्या कपड्यांचे बरेच जोड होते. पोईबद्दल त्याला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माका खबर ना." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा नुसता हसला. मग कोणी विचारलं नाही तरी तोच मान खाली घालून म्हणायला लागला, "असल्या गोष्टी आपण बोलायच्या नसतात."

इनास हे ऐकून घरी आला आणि उगाच कोंबड्यांवर ओरडला.

इकडे पोई गोकुळदासची आहे हे कळल्यावर काकीचा संकोच गेला. ती उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "अरे, सांगा रे त्या गोकुळदासाक, कोंडो माझ्या कवळीत अडकता! म्हातारीक उंडे देऊक काय जाता त्याका?"

हे इनासच्या कानावर आलं. दान घेणाऱ्याने फर्माईश केली तर काय करायचं, यावर फादर काही बोलले नव्हते. त्याने जुझेला पोईऐवजी उंडे द्यायला सांगितले. गोल, कडक पाठीचे. आठवड्याने काकीने जाहीर केलं, उंडे थंड येतात. इनासने जुझेला चढाच्या बाजूने फेरी सुरू करायला लावलं. मग काकीला काकणं हवी झाली, बांगडीसारखी, चहात बुडवायला. इनासने काकणं सुरू केली.

"बघा, ऐकतो हां गोकुळदास," शिवदास म्हणाला. "म्हातारीच्या तोंडातून शब्द पडला की दुसऱ्या दिवशी दारात. असा माणूस पंच व्हायला पाहिजे."

"काय रे इनासबाब," दुसरा एक म्हणाला, "यंदा तू दारू सोडली नाहीस वाटतं? काही बोलला नाहीस."

इनासने सोडली होती. पण त्याने फक्त कपाकडे बघितलं. सगळ्यांनी समजून घेतलं, की यंदा म्हाताऱ्याला जमलं नाही. वयाप्रमाणे होतं. शिवदासने मायेने त्याच्या पुढ्यात उर्राकाचा पेला सरकवला. "घे. आम्ही काय कोणाला सांगतो?"

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मोठ्या आंब्याखाली गोकुळदासची कोपरा सभा झाली. इनास मुद्दाम गेला नव्हता. पियेदादला समोसे फुकट आहेत असं कळलं होतं, तिच्याबरोबर गेला होता.

गोकुळदासने रस्ते सांगितले, पाणी सांगितलं, मग आवाज ओला केला. "ह्या वॉर्डात एका आजारी आईच्या दारात रोज सकाळी पाव पोचतो. कोण पोचवतो ते मी सांगणार नाही. आमच्या ख्रिस्तांव भावांच्या शास्त्रात म्हटलंय, उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये." आणि त्याने स्वतःचा उजवा हात वर केला. अंगठ्या चमकल्या.

ख्रिस्तांव भावांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. पियेदादने तर समोसा मांडीवर ठेवून वाजवल्या. "बघ, बघ," ती इनासला म्हणाली, "हिंदू असून कसं पाळतो! तू शिक काहीतरी."

इनास उठून उभा राहिला. केव्हा उठला ते त्यालाही कळलं नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. गोकुळदास हात वर ठेवून थांबला. इनासचं तोंड उघडलं, 'मी' हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला. एवढा एक शब्द सोडला की संपलं. मग वर काही शिल्लक राहणार नाही, पण इथे, या आंब्याखाली, काय गंमत येईल!

"पंखा," इनास म्हणाला. "पंखा लावा कोणीतरी. गरम होतंय."

लोकांनी वर बघितलं. वर आंबा होता. इनास खाली बसला. पियेदादने पुन्हा त्याच्या कपाळाला हात लावला.

आता पुढे जे झालं ते जुझे पदेराच्या भक्तीमुळे. गुड फ्रायडेला जुझे भट्टी पेटवत नसे. त्याचा आजाही पेटवत नसे. गावात कोणालाच त्या दिवशी पाव मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. काकीलाही माहीत होतं. पण इतके दिवस काकणं खाऊन ते ती विसरली होती.

सकाळी कडी रिकामी. चहा झाला, थंड झाला. काकीने अर्थ लावला, की गोकुळदासला मतं पुरेशी झाली. मतदान व्हायच्या आधीच त्याने हात आखडला. नेमकी त्याच सकाळी निवडणुकीच्या भरारी पथकाची जीप वाट चुकून तिच्या अंगणात शिरली. आतले साहेब पत्ता विचारायला उतरले आणि काकीने त्यांना अर्धा तास सोडलं नाही. "गोकुळदास रोज देयत होतो. आज बंद केल्यान! ही काय रीत झाली? तुमी सरकारी माणसां ना? मग त्याका विचारा!"

साहेबांनी लिहून घेतलं. फक्त सरकारी पद्धतीने लिहिलं, त्यामुळे त्यातलं 'बंद केल्यान' गळलं आणि 'रोज देयत होतो' तेवढं राहिलं. मतदाराला खाद्यपदार्थांचं आमिष, आचारसंहितेचा भंग. शनिवारी दुपारी पंचायतीच्या सभागृहात चौकशी. गोकुळदासची उमेदवारी जायची वेळ आली.

शनिवारी सकाळी शिवदासच्या दुकानात हे कळलं तेव्हा इनासला जे वाटलं ते त्याला गेल्या कित्येक ईस्टरला वाटलं नव्हतं. आनंद. काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हाच तर त्याचा नवस. गोकुळदास आंब्याखाली मिरवला, आता पंचायतीत बुडणार, आणि इनास पवित्रच्या पवित्र. तो शीळ घालत इगर्जीकडे गेला. फक्त खात्री करून घ्यायला.

फादर ओर्लांदो बाह्या सरसावून ईस्टरच्या रात्रीसाठी पितळी समया घासत होते. इनासने त्यांना नाव न घेता सगळं सांगितलं. समजा एक माणूस आहे, समजा एक पोई आहे.

"आणि त्या माणसाने गप्पच राहायला पाहिजे ना, फादर? गुप्त म्हणजे गुप्त."

फादरांनी समई उजेडात धरून बघितली. "आता गप्प राहायला त्याला आवडतंय का?"

"भयंकर," इनास म्हणाला.

"मग ते पुण्य नसावं." आणि फादर पुन्हा घासायला लागले.

इनास बराच वेळ तिथे उभा राहिला. फादर आणखी काहीतरी बोलतील, थोडी सूट देतील, असं त्याला वाटत होतं. ते म्हणाले, "उभा आहेस तर ती दुसरी घास."

दुपारी सभागृह भरलं होतं. एवढी माणसं ग्रामसभेला कधी आली नव्हती. टेबलामागे पेडण्याहून आलेल्या निवडणूक अधिकारी अश्विनी मॅडम. समोर गोकुळदास, पांढऱ्या कपड्यांना घामाचे नकाशे. बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीत प्लास्टरचा पाय पुढे करून गंगाकाकी.

"मॅडम, देवाशपथ, मी एक पोईसुद्धा दिली नाही," गोकुळदास म्हणत होता. "त्या म्हातारीला मी पाणीसुद्धा विचारलं नाही आजपर्यंत! कोणालाही विचारा!"

"मग सभेत हात कित्याक वर केल्लो?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तो... तो घाम पुसायला."

इनास उठला. आंब्याखाली जो शब्द सुटायला तडफडत होता, तो आता बाहेर यायला तयार नव्हता. त्याला ओढून काढावा लागला.

"मी," इनास म्हणाला. "पोई मी देत होतो."

मॅडमनी पेन उचललं. मग शिवदास हसला, आणि मग सगळेच हसले. जुझे पदेराने उभं राहून "खरं आहे" म्हटलं, तेव्हा तर आणखी हसले.

"मॅडम," शिवदास डोळे पुसत म्हणाला, "ह्या माणसाला शिंक आली तरी तो आधी तिठ्यावर येऊन सांगतो. चाळीस दिवस हा काही लपवणार? ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

"ह्येच्यो कोंबड्यो माझी भाजी खातत," काकी म्हणाली, "आणि हो माका काकणां देतलो? किती घेतलंस रे इनासा, गोकुळदासाकडून?"

"काही नाही, काकी."

"मग येडो आसस."

अश्विनी मॅडमना घरी जायचं होतं. "तुम्ही उमेदवार आहात?"

"नाही."

"कुठल्या उमेदवाराच्या सांगण्यावरून दिलं?"

इनासला सांगायचं होतं कोणाच्या सांगण्यावरून. पण तो वरचा काही उमेदवार नव्हता, आणि मॅडमना चालला नसता. "नाही," तो म्हणाला.

मॅडमनी जबाब लिहिला, इनासची सही घेतली, प्रकरण मिटलं. "मतदान होईपर्यंत मात्र पाव-बिव बंद," त्यांनी बजावलं. काकीने कपाळाला हात मारून घेतला.

संध्याकाळी गोकुळदास इनासच्या ओट्यावर आला. हातात काजूचा डबा. इकडेतिकडे बघून त्याने इनासचे दोन्ही हात धरले. "इनासबाब, तुमचे उपकार कसे फेडू? आमच्या पोराचा, प्रज्योतचाच हा कारभार असणार, मला न विचारता वाटत सुटलाय. तुम्ही माझ्यासाठी एवढं खोटं बोललात. तेसुद्धा तुमच्या सणाच्या आदल्या दिवशी!"

"गोकुळदास, मी खरंच..."

"कळलं, कळलं!" गोकुळदासने डोळा मारला. "मी कोणाला सांगत नाही." आणि डबा ठेवून गेला.

ईस्टरचा रविवार उजाडला. इगर्जीत मिस्सा झाली, उपास सुटला. पियेदादने शेजारपाजारच्या हिंदू घरांत द्यायला सणाची ताटं भरली. बेबिंक, दोदोल, वर रुमाल. याला कुठल्याही मॅडमची आडकाठी नव्हती. सर्वांत मोठं ताट घेऊन ती काकीकडे गेली आणि बऱ्याच वेळाने रिकामं ताट, त्यात चार सुके बांगडे, आणि बातम्या घेऊन परतली.

इनास जेवायला बसला होता. समोर सोर्पोतेल, सान्नां आणि बटाट्याच्या चॉपची परात. शेजारी उर्राकाचा पेला. त्याबद्दल त्याने सकाळपासून कोणाला काही सांगितलं नव्हतं.

"दोदोल गोड जास्त झालंय म्हणते म्हातारी," पियेदाद पदराने वारा घेत म्हणाली. "सगळं संपवलं पण. आणि विचारत होती, तुझा घोव देत होता ते खरं काय गो? मी म्हटलं, काकी, माझ्या नवऱ्याचं तोंड मी ओळखत नाही? त्याने दिली असती तर पहिल्या दिवशी मला कळलं असतं."

इनासने चॉप उचलला.

पियेदाद बोलता बोलता थांबली. वारा घ्यायचीही थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं. सोर्पोतेलावरून, पेल्यावरून, सरळ त्याच्या डोळ्यांत. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"इनास," ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. मी विश्वास ठेवीन. तूच देत होतास?"

साऱ्या कोरगावात एकटी तीच विश्वास ठेवणार होती. पंचायतीत सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. आता कोणाची उमेदवारी अडली नव्हती, कोणाचं काही जाणार नव्हतं. नुसती मान हलवली तरी पुरे होतं.

इनासने अख्खा चॉप तोंडात टाकला. त्याच्यामागून आणखी एक.